आकाशातून काय येणार, ते खाली राहणाऱ्यालाही सांगा

प्रति,
मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि मंत्रालयाच्या निःशस्त्रीकरण व आंतरराष्ट्रीय सुरक्षा विभागातील अधिकारी

महोदय,

सविनय नमस्कार.

जून २०१६ मध्ये भारत दोन क्लबांत शिरला. १ जूनला आपण बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या, म्हणजे वर फेकलेल्या दगडासारखी कमानीत जाऊन पडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या, प्रसाराविरुद्धची हेग आचारसंहिता स्वीकारली. २७ जूनला क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, म्हणजे पेपरवाले जिला एमटीसीआर म्हणतात तिच्यात, पस्तिसावा देश म्हणून आपली खुर्ची लागली. तेव्हा मोठमोठे मथळे आले. त्या खुर्चीवर बसून आपण आजवर काय बोललो, कशाला हो म्हटले आणि कशाला नाही, हे मात्र माझ्या वाचनात कधी आले नाही. हल्ली मोबाइलवर संदेश फिरतात: ब्रह्मोस क्षेपणास्त्र अमुक देश घेणार, पिनाका रॉकेटला तमुक देशाची मागणी. गावातली पोरे ते पुढे पाठवतात, मलाही पाठवतात. विकल्याची बातमी येते. डागण्याचे आणि पडण्याचे नियम कोण ठरवतो, हे कोणी पाठवत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर.

मी सिंदेवाही तालुक्यातला, जिल्हा चंद्रपूर. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, आता धान पिकवतो. आमच्या तालुक्याचे नाव बाहेर पोहोचते ते वाघामुळे. एकदा ते रॉकेटमुळे पोहोचले.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, लोक जेवणखाण उरकून अंगणात होते. आठच्या थोडे आधी आकाशात एक जळती रेघ उगवली आणि आडवी जाऊ लागली, मागे तुकड्यांची रांग. महाराष्ट्राच्या इतर भागांत, मध्य प्रदेशात, गुजरातेतही ती दिसली. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पेटले म्हणाले. मग आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरीहून फोन सुरू झाले: गावाजवळ लोखंडी चाक पडले आहे. सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे होते ते. पुढच्या दिवसांत तालुक्याच्या इतर शिवारांत धातूचे गोळेही सापडले. कडे पोलीस ठाण्यात गेले, नंतर बंगळूरहून इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. परदेशातल्या अभ्यासकांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितले की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरत खाली खाली येऊन तो आमच्यावर विझला.

मोहफुलांचे दिवस होते. पहाट फुटायच्या आधी बायाबापड्या टोपल्या घेऊन जंगलात असतात. ते कडे संध्याकाळी पडले आणि मोकळ्या जागेत पडले, म्हणून कोणाला खरचटले नाही. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याने मला विचारले, "गुरुजी, हे कोनाचं होय? अन् मालक नाही आला तं भंगारात देता येते का जी?" लोक हसले. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. नंतर वाचून काढले, आणि जे वाचले त्यातून माझ्या तक्रारी निघाल्या.

आपण म्हणाल, हे तर उपग्रह सोडणारे रॉकेट, क्षेपणास्त्राशी त्याचा काय संबंध? महोदय, आपल्या विभागाला हे सांगणे म्हणजे धृष्टता, पण वाचकांसाठी सांगतो. लाँग मार्चच्या या कुळाचा मूळपुरुष म्हणजे चीनचे डोंगफेंग-५ हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र. आपल्याकडेही वेगळे नाही. १९८० साली रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ रॉकेटची पहिल्या टप्प्याची घनइंधन मोटर घेऊनच १९८९ च्या मे महिन्यात चांदीपूरहून पहिले अग्नी उडाले. वर उपग्रह बसवला की रॉकेट, स्फोटक बसवले की क्षेपणास्त्र. एमटीसीआरचा जन्मच या जाणिवेतून आहे, म्हणून तिच्या यादीत उपग्रह प्रक्षेपकही येतात.

आणि हेच लाँग मार्च ३बी पहिल्यांदा उडाले तेव्हा, १५ फेब्रुवारी १९९६ ला, चीनच्या शिचांग प्रक्षेपण तळाजवळच्या एका गावावर कोसळले होते. चीनने ६ मृत्यू मान्य केले. त्यानंतर जगात मोठा वाद पेटला. वाद कशावर? अपघाताचे कारण शोधताना अमेरिकी कंपन्यांनी चीनला जी मदत केली, तिच्यातून क्षेपणास्त्राचे ज्ञान तर गेले नाही ना, यावर. अमेरिकी संसदेच्या चौकशा झाल्या, कंपन्यांना दंड झाला, उपग्रहांच्या निर्यातीचे कायदे कडक झाले. ते सगळे बरोबरच असेल. पण त्या गावातली माणसे त्या वादात कुठेच नव्हती. क्षेपणास्त्रांच्या साऱ्या मुत्सद्देगिरीत मला हेच खटकते: कोणाकडून कोणाकडे काय गेले याचा हिशेब पक्का, आणि खाली कोण होते याचा हिशेब कच्चा.

पहिली तक्रार त्याचीच. वाघाने बैल मारला तर आमच्याकडे पंचनाम्याचा नमुना आहे. वीज पडली, गारपीट झाली, धानाला तुडतुडा लागला, तरी तलाठी कुठला कागद काढायचा ते जाणतो. आकाशातून रॉकेट पडले तर कोणता कागद, हे मी एका कार्यालयात विचारले. त्यांनी दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवले, दुसऱ्याने "हे दिल्लीचे काम" म्हणून चहा पाजला. चहा चांगला होता.

दिल्लीचे काम म्हणजे आपलेच. १९७२ चा अंतराळ दायित्व करार आहे, भारत १९७९ पासून त्यात आहे आणि चीनही आहे. त्यात लिहिले आहे की अवकाशातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले तर ती सोडणारा देश पूर्ण जबाबदार. चूक कोणाची हे सिद्ध करायचीही गरज नाही. पण मागणी फक्त सरकारने सरकारकडे करायची, आणि साधारण एक वर्षाच्या आत. शेतकऱ्याला तिथे दार नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टीवाला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेला कोसळला, तेव्हा कॅनडा सरकारने बिल लावले आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर वसूल केले. त्या भागात वस्ती विरळ होती. आमच्याकडे गावे आहेत. लाडबोरीत घर मोडले असते तर वर्षाच्या आत आमचा पंचनामा आपल्या टेबलावर पोहोचला असता का? मला शंका आहे, कारण तो कोणी करायचा हेच ठरलेले नाही.

याउलट एक उदाहरण, आणि त्यात पडलेली वस्तू आपली आहे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठे पिंप वाहून आले. ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने तपास करून महिनाअखेरीस जाहीर केले की हा बहुधा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना उघड सांगितले. आमच्याकडच्या कड्याचा निष्कर्ष आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर आजतागायत लागलेला नाही. आम्ही तो परदेशी माणसाच्या लेखातून वाचला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती लिहिताना मला आनंद होत नाही. लाडबोरीच्या पंचवीसेक दिवस आधी, ९ मार्च २०२२ ला, आपलेच एक ब्रह्मोस चुकून सुटले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नू या गावाजवळ जाऊन पडले. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणे सरहद्दीच्या आत १२४ किलोमीटर. माणूस दगावला नाही. भारताने ११ मार्चला निवेदन काढून देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाडाने क्षेपणास्त्र सुटल्याचे मान्य केले, खेद व्यक्त केला; ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. चूक कबूल करून कारवाई केली, हे मी सरकारच्या बाजूने मांडतो. पण मधले दोन दिवस बघा. दोन अण्वस्त्रधारी देश, एक ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाणारे अस्त्र, आणि पाकिस्तानने तेव्हा हाच प्रश्न केला की लगेच कळवले का नाही.

कळवण्याची व्यवस्था आहे की नाही? अर्धी आहे. ३ ऑक्टोबर २००५ ला इस्लामाबादेत भारत-पाकिस्तानने करार केला: जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर किमान तीन दिवस आधी दुसऱ्याला कळवायचे, सोडण्याची जागा सरहद्दीपासून ४० किलोमीटरच्या आत नको, पडण्याची ७० च्या आत नको. दोन्हीकडे कितीही बिनसले तरी हा करार टिकला आहे, आणि त्याचे श्रेय आपल्या मंत्रालयाला आहेच. पण त्यात क्रूझ क्षेपणास्त्र, म्हणजे विमानासारखे हवेतून इंजिनावर उडत जाणारे, नाही. ब्रह्मोस क्रूझ आहे. पाकिस्तानचे बाबर क्रूझ आहे. हेग आचारसंहितेतही क्रूझ नाही, तिच्या नावातच बॅलिस्टिक आहे. म्हणजे दोन्हीकडचे कारखाने जे सर्वांत हौसेने बनवतात आणि विकू पाहतात, नेमके तेच पूर्वसूचनेच्या बाहेर.

मियाँ चन्नूचा शेतकरी कापूस पिकवतो की गहू, मला ठाऊक नाही. त्याच्या शिवारावर आपले आले, पंचवीसेक दिवसांनी माझ्या शिवारावर चीनचे आले. दोघांनाही आधी कोणी सांगितले नाही आणि नंतरही जे कळले ते पेपरातून. शत्रूदेशाच्या शेतकऱ्याची बाजू घेतो म्हणून मला कोणी दोन शब्द सुनावले तर सुनावो. मी माझीच बाजू घेतो आहे. त्याला सूचना मिळण्याचा नियम झाला तरच मला मिळण्याचा नियम होईल, असले करार एकतर्फी होत नाहीत.

आता क्लबाकडे येतो. एमटीसीआर सुरू झाली एप्रिल १९८७ मध्ये. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, जपान हे सात श्रीमंत देश. हा करार नाही, सही नाही, न्यायालय नाही, सचिवालयसुद्धा नाही. पॅरिसच्या परराष्ट्र खात्यामार्फत कागद फिरतात तेवढेच. मुख्य नियम असा की ५०० किलो वजन ३०० किलोमीटरपर्यंत नेऊ शकणारे क्षेपणास्त्र, रॉकेट किंवा ड्रोन दुसऱ्याला द्यायचे नाही असेच गृहीत धरायचे. म्हणजे पाच क्विंटल माल, आणि अंतर चंद्रपूरहून नागपूरला जाऊन परत येण्याएवढे. पाच क्विंटल का, तर नवशिक्या देशाचा ओबडधोबड अणुबाँब साधारण तेवढा जड असेल असा अंदाज. रशिया १९९५ मध्ये सदस्य झाला, म्हणून १९९८ मध्ये भारत-रशियाने मिळून ब्रह्मोस करायला घेतले तेव्हा पल्ला जाहीर केला २९० किलोमीटर. दुकानदार हजाराच्या साडीवर ९९९ लिहितो, तसे. आपण सदस्य झालो आणि पल्ला वाढला, तो वाढल्याचे जाहीरही झाले.

हा नियम निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. अर्जेंटिनाचे काँडोर क्षेपणास्त्र या दबावामुळे बंद पडले. लिबियाने डिसेंबर २००३ मध्ये आपला कार्यक्रम सोडला, त्यातही या दबावाचा वाटा आहे. पण आपल्या शेजारात काय झाले? चीनची एम-११ क्षेपणास्त्रे पाकिस्तानात गेली. अमेरिकेने १९९१ आणि १९९३ मध्ये चीनवर निर्बंध लादले आणि नंतर उठवले. उत्तर कोरियाचे नोडाँग क्षेपणास्त्र पाकिस्तानात पोहोचून ६ एप्रिल १९९८ ला घौरी नावाने उडाले, इराणमध्ये शहाब-३ झाले. हे देणारेही क्लबाबाहेर, घेणारेही बाहेर. दाराला कुलूप, आणि कुंपण मोकळे.

आणि नियम ज्यांनी केले त्यांना तो जाचू लागला की काय होते तेही पाहिले. २४ जुलै २०२० ला अमेरिकेने स्वतःपुरते ठरवले की ताशी ८०० किलोमीटरपेक्षा हळू उडणारे मोठे ड्रोन आता पहिल्या वर्गाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या ३००-५०० च्या, कडक नियमाखाली धरायचे नाहीत. चीन क्लबाबाहेर राहून पश्चिम आशियात ड्रोन विकत होता, बाजार हातचा जात होता. दक्षिण कोरियाच्या क्षेपणास्त्रांना अमेरिकेने १९७९ मध्ये १८० किलोमीटरची मर्यादा घातली होती; ती २००१ मध्ये ३०० झाली, २०१२ मध्ये ८००, आणि मे २०२१ मध्ये पूर्णच उठली. तिकडे मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत काढणारा १९८७ चा अमेरिका-सोव्हिएत रशिया करार २ ऑगस्ट २०१९ ला संपला. याबद्दल भारताने त्या खुर्चीवरून काय भूमिका घेतली? आपल्यालाही अमेरिकी ड्रोन हवे होते, ३१ एमक्यू-९बीचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. हवे असणे समजू शकतो. पण आपण गप्प बसलो की बोललो, हे नागरिकाला कळायला नको? ही माझी तिसरी तक्रार.

मी हे विचारतो कारण आपण एकेकाळी दाराबाहेर उभे होतो. १९९१ मध्ये इस्रोने क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणारे, इंजिन आणि त्याचे तंत्रज्ञान घेण्यासाठी सोव्हिएत रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेशी करार केला. मे १९९२ मध्ये अमेरिकेने एमटीसीआरचा हवाला देऊन दोघांवर दोन वर्षांचे निर्बंध घातले. १९९३ मध्ये रशिया मागे सरला, तंत्रज्ञान दिले नाही, तयार इंजिने तेवढी दिली. मी तेव्हा वर्गात पोरांना सांगत असे की द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो, असले इंजिन क्षेपणास्त्रात भरून सज्ज ठेवणे व्यवहारात बसत नाही, आणि अग्नी तर घन इंधनावर आधीच उडाले आहे. आठवीच्या पोरांना पटत होते. वॉशिंग्टनला पटले नाही, किंवा पटवून घ्यायचे नव्हते. स्वतःचे इंजिन घेऊन आपले जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी झाले ५ जानेवारी २०१४ ला. वीस वर्षे गेली. कोणी तरी बंद खोलीत, कारण न सांगता, आपल्याबद्दल ठरवते तेव्हा कसे वाटते, हे भारताच्या परराष्ट्र खात्याइतके कोणाला ठाऊक असणार? आज आपण त्या खोलीत आहोत आणि खोली तशीच बंद आहे.

संसदेतही फारसा उजेड नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये, आमच्याकडे कडे पडल्यावर चौथ्या दिवशी, ६ तारखेला, लोकसभेने सामूहिक संहाराची शस्त्रे आणि ती वाहून नेणाऱ्या साधनांविषयीच्या २००५ च्या कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. अशा कामाला पैसा पुरवणाऱ्यांवर बंदी घालणारी ती दुरुस्ती, कामाची आहे. वाहून नेणारी साधने म्हणजे क्षेपणास्त्रेच. आमच्या तालुक्यात त्या आठवड्यात अशाच साधनाचा भाऊबंद ठाण्याच्या आवारात पडून होता. हा योगायोग कोणाच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे.

विदर्भातला माणूस शस्त्रांना नाक मुरडत नाही, हे नमूद करतो. आमच्या जिल्ह्यात भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. नागपूरला अंबाझरीत पिनाकाचे काम चालते, नागपूरलाच ब्रह्मोसचे केंद्र आहे, भंडाऱ्याला जवाहरनगरात स्फोटके, पुलगावला दारूगोळ्याचे भांडार. आमची पोरे तिथे पोट भरतात, आणि तिथे जीवही गेले आहेत: पुलगावच्या ३१ मे २०१६ च्या आगीत, जवाहरनगरच्या २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात. जो प्रदेश हा माल बनवतो, त्याला त्या मालाच्या नियमांबद्दल विचारण्याचा अधिकार आहे एवढेच माझे म्हणणे.

"सुरक्षेच्या गोष्टी गावात सांगायच्या नसतात" हे उत्तर मला मान्य नाही, कारण आपलेच सरकार ते मानत नाही. ओडिशात चांदीपूरला क्षेपणास्त्राची चाचणी असते तेव्हा बालेश्वर जिल्हा प्रशासन तळाच्या आसपासच्या वस्त्या तेवढ्या वेळापुरत्या रिकाम्या करते, माणशी भरपाई देते. बंगालच्या उपसागरातल्या मच्छीमारांना, विमानांना आधी सूचना जाते. तिथल्या कोळ्याला सांगून देशाचे काही बिघडले नाही. मग लाडबोरीच्या माणसाला सांगून काय बिघडेल? कक्षेतून परत येणारा टप्पा नेमका कुठे पडेल हे शेवटच्या तासापर्यंत सांगता येत नाही, हे विज्ञान शिकवलेल्या माणसाला कळते. पण तो कोणत्या पट्ट्यावरून जाणार आणि कोणत्या दिवशी, एवढे आधी सांगता येते. तेवढेच सांगा. रात्री अंगणात झोपायचे की नाही आणि पहाटे जंगलात जायचे की नाही, ते आम्ही ठरवू.

तर मागण्या.

पाकिस्तानशी झालेल्या २००५ च्या पूर्वसूचना करारात क्रूझ क्षेपणास्त्रे आणण्याचा प्रस्ताव भारताने स्वतःहून ठेवावा, आणि अपघाताने काही सुटलेच तर काही मिनिटांत दुसऱ्याला कळवण्याचे कलम त्यात घालावे. संबंध बिघडलेले आहेत हे मान्य. ३१ डिसेंबर १९८८ ला झालेल्या करारानुसार अणुकेंद्रांच्या याद्या दर १ जानेवारीला दोन्ही देश एकमेकांना देतात, कारगिलनंतरही दिल्या. म्हणजे बोलाचाली बंद असतानाही कागद जाऊ शकतो. पाकिस्तानने नाकारले तर नाकारले म्हणून जाहीर करा, निदान कोणी नाकारले ते कळेल.

हेग आचारसंहितेत सदस्य देश प्रक्षेपणाची सूचना आधी देतात, त्यात उपग्रह प्रक्षेपकही येतात. वर गेलेला टप्पा खाली येतानाची सूचना त्यात नाही. ती घालावी असा ठराव भारताने व्हिएन्नाच्या वार्षिक बैठकीत मांडावा. तो मांडण्याआधी आपल्या स्वतःच्या टप्प्यांबद्दल तशी सूचना आपणच द्यायला लागावे. ऑस्ट्रेलियाचा किनारा आठवतो.

चीन या आचारसंहितेत नाही, आणि एमटीसीआरमध्ये त्याने २००४ मध्ये अर्ज करूनही त्याला घेतलेले नाही. तिथले निर्णय एकमताने होतात, म्हणजे यापुढे त्याच्या अर्जावर भारताचाही हो लागणार. २०१६ मध्येच सोलला अणुपुरवठादार गटात, म्हणजे अणुसामग्री विकणाऱ्या देशांच्या क्लबात, त्याने आपली वाट अडवली, तेव्हा परतफेडीचा मोह होईल. माझे मत विचाराल तर परतफेड करू नये, अट घालावी: आधी हेगमध्ये ये, प्रक्षेपणाची सूचना दे, टप्पे कुठे पडतात त्याची माहिती दे, पाकिस्तानला काय देतोस ते यादीप्रमाणे तपासू दे, मग बघू.

एमटीसीआरच्या दर बैठकीनंतर आपण काय भूमिका मांडली, याचे दोन पानांचे टिपण संसदेसमोर ठेवावे. गोपनीय ते गाळा. ३०० आणि ५०० च्या मर्यादेत आणखी सवलत देण्याचा विषय येईल तेव्हा आपली निर्यात वाढेल एवढ्यावरून हो म्हणू नये. फिलिपिन्सला ब्रह्मोस विकले ते मर्यादेत राहूनच विकले, मर्यादेने धंदा बुडाला नाही.

शेवटची मागणी आपल्या एकट्याच्या हातात नाही, गृह आणि अंतराळ विभागाशी बोलावे लागेल. आकाशातून पडलेल्या वस्तूचा पंचनामा कोणी करायचा, किती दिवसांत, आणि तो आपल्यापर्यंत वर्षाच्या आत कसा पोहोचायचा, याचा एक पानाचा शासकीय नमुना काढून प्रत्येक तहसीलला पाठवा. सोबत लाडबोरीच्या कड्याचा तपास अहवाल जोडा: कशाचे होते, कोणाचे होते, चीनला आपण काही कळवले का, त्यांनी काय उत्तर दिले.

उत्तर मराठीत पाठवावे ही विनंती. इंग्रजीत आले तर मी वाचून सांगेन, पण ग्रामसभेत ते जसेच्या तसे वाचायचे आहे आणि इतिवृत्तात घ्यायचे आहे. आमच्या ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. त्यातली कोणतीही तारीख चालेल. १५ ऑगस्टला मात्र लोक रोवणीतून येतात, सभा लवकर आटोपते, तेव्हा उत्तर लांबलचक नसलेले बरे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व धान उत्पादक
तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर